एका ओळीत हरवलेले अंक: स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा डेटा उलगडणारी लायब्ररी बदलतानाचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

या प्रकरणातील चमू पाच जणांचा होता आणि त्याचे काम ऐकायला सरळ होते. इथेरियम या ब्लॉकचेनच्या साखळीवर ग्राहकांच्या पत्त्यांशी संबंधित टोकनांचे जे व्यवहार होतात ते वाचायचे, त्यांची खातेवही मांडायची आणि महिना संपला की ती ग्राहकाच्या हिशेबनीसाच्या हाती द्यायची. मी या चमूबरोबर सल्लागार म्हणून काम पाहत होतो. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी किमान एकीला माझीच संमती होती. ग्राहक आणि सहकारी ओळखू येतील असे तपशील येथे वगळले आहेत.

यंत्रणेचे तीन भाग होते. पहिला भाग नोडकडून, म्हणजे साखळीची प्रत बाळगणाऱ्या संगणकाकडून, व्यवहारांचे लॉग (नोंदी) घेई आणि ते जसेच्या तसे, म्हणजे षोडशमान अंकांच्या मजकुराच्या रूपात, एका तक्त्यात साठवी. दुसरा भाग त्या लॉगचा अर्थ लावी; हे काम ईथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीवर चाले. तिसरा भाग खातेवहीचा, पोस्टग्रेस या डेटाबेसवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये एक रांग होती आणि तिच्यातून जेसन या मजकुरी स्वरूपातील संदेश जात. ही रांग सगळ्यांना इतकी सवयीची झाली होती की यंत्रणेची आकृती काढताना ती एका बाणाने दाखवली जाई. सगळा घोळ त्या बाणात झाला.

## हा डेटा कसा बांधलेला असतो

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामला, जाणारा किंवा त्याच्याकडून येणारा डेटा म्हणजे बाइटांची एक सलग माळ असते. टोकन पाठवण्याचा साधा व्यवहार घेतला, तर माळेचे पहिले ४ बाइट हे ‘ट्रान्सफर’ या फंक्शनचे नाव आणि त्याच्या घटकांचे प्रकार यांच्या केकॅक-२५६ हॅशचे (मजकुरापासून काढलेल्या ठरावीक लांबीच्या आकड्याचे) पहिले ४ बाइट असतात. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ए९०५९सीबीबी हा आकडा पाठच झालेला असतो. त्यानंतर ३२ बाइटांचे दोन खण येतात. पहिल्यात घेणाऱ्याचा २० बाइटांचा पत्ता, डाव्या बाजूला १२ शून्य बाइट भरून, दुसऱ्यात रक्कम. एकूण ६८ बाइट. मजकूर किंवा लांबी न ठरलेली यादी असेल, तर तिच्या खणात प्रत्यक्ष आशय नसतो. तो पुढे कितव्या बाइटापासून सुरू होतो, एवढा आकडा असतो.

या रचनेतील कळीची गोष्ट अशी की माळेत प्रकारांची नोंद कुठेच नसते. एखाद्या खणात रक्कम आहे, पत्ता आहे की पुढच्या मजकुराचे ठिकाण आहे, हे त्या खणाकडे पाहून कळत नाही. ते एबीआय नावाच्या वेगळ्या वर्णनावरून ठरते, आणि डिकोडर, म्हणजे माळ उलगडणारा कोड, त्या वर्णनावर पूर्ण विश्वास ठेवतो. वर्णन चुकीचे असेल तर नशीब चांगले असताना त्रुटी येते, आणि वाईट असताना उत्तर येते.

चांगल्या नशिबाचे एक उदाहरण आमच्याच यंत्रणेत होते. मेकरचे एमकेआर हे टोकन आपले चिन्ह लांबी न ठरलेल्या मजकुराच्या रूपात देत नाही, ३२ बाइटांच्या ठरावीक खणात देते. बहुतेक टोकनांसाठी वापरला जाणारा एबीआय त्याला लावला, की डिकोडर त्या खणातील ४डी, ४बी, ५२ हे बाइट, म्हणजे खरे तर ‘एमकेआर’ ही अक्षरे, मजकुराचे ठिकाण म्हणून वाचतो, तो आकडा माळेच्या लांबीच्या कित्येक पट बाहेर जातो आणि लायब्ररी त्रुटी देते. आमच्या कोडने ती त्रुटी झेलून चिन्हाच्या रकान्यात रिकामी जागा ठेवली होती. कोणाच्या कधी लक्षात आले नाही, कारण पत्त्यावरून टोकन ओळखता येत असे. ही बाब किरकोळ आहे, पण येथे मुद्दाम नोंदवतो. त्रुटी आली की तिचे तोंड बंद करायचे, ही आमची सवय त्याआधीपासूनची होती.

## लायब्ररी बदलण्याचा निर्णय

ईथर्सची सहावी आवृत्ती २०२३ च्या सुरुवातीला आली. पाचवी व्यवस्थित चालत होती, म्हणून आम्ही दोन वर्षे काही केले नाही. मार्च २०२५ मध्ये वेब३ ही या क्षेत्रातील जुनी लायब्ररी अधिकृतपणे बंद झाली आणि तिचा कोड केवळ वाचनापुरता ठेवण्यात आला. आम्ही ती वापरत नव्हतो, तरी चमूत अस्वस्थता पसरली. जुन्या आवृत्तीवर आणखी किती दिवस राहायचे, हा प्रश्न बैठकीत आला.

चार पर्याय पुढे होते. पाचव्याच आवृत्तीवर राहणे हा पहिला. सहावीवर जाणे हा दुसरा. तिसरा व्हिएम या नव्या लायब्ररीचा: तिची फंक्शने सुटी असल्यामुळे लागतील तेवढीच घेता येतात आणि टाइपस्क्रिप्टमध्ये एबीआयवरून उत्तरांचे प्रकार आपोआप मिळतात, पण त्यासाठी आमचा जवळजवळ प्रत्येक कॉल नव्याने लिहावा लागला असता. चौथा पर्याय स्वतःचा छोटा डिकोडर लिहिण्याचा होता. आम्हाला मोजकेच इव्हेंट (कॉन्ट्रॅक्टने लॉगमध्ये नोंदवलेल्या घटना) वाचायचे होते, त्यामुळे तो वरवर मोहक दिसत होता.

चौथा पर्याय लवकर बाद झाला, आणि त्यामागे एक जुना दाखला होता. एप्रिल २०१७ मध्ये गोलेम प्रकल्पाच्या मंडळींनी एक्स्चेंजांच्या कोडमधील एक उणीव उघड केली. ज्याच्या पत्त्याच्या शेवटी शून्य बाइट आहे अशा माणसाने तो बाइट गाळून पत्ता दिला आणि डेटा बांधणाऱ्या कोडने पत्त्याची लांबी न तपासता पुढचे खण चिकटवले, तर रकमेच्या सुरुवातीचे शून्य पत्त्याच्या शेवटी सरकते, माळ एक बाइट कमी पडते, इथेरियमचे यंत्र ती कमतरता शून्याने भरून काढते आणि रक्कम २५६ पट होते. लांबीची एक तपासणी राहून गेल्याने एवढे होऊ शकते, तर हे काम हजारो जणांच्या नजरेखालून गेलेल्या लायब्ररीकडेच असावे, यावर एकमत झाले.

सहावी आवृत्ती निवडली गेली. हा निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. मात्र त्या बैठकीत सगळी चर्चा लायब्ररीच्या आतल्या गोष्टींची झाली. तिच्यातून बाहेर पडणारा आकडा पुढे कोणकोणत्या हातांतून जातो, हा विषय कोणीच काढला नाही.

## बदल आणि पहिल्या दोन त्रुटी

पाचव्या आवृत्तीत मोठे पूर्णांक लायब्ररीच्या स्वतःच्या बिगनंबर या प्रकारात मिळत आणि ४८ बिटांपर्यंतचे लहान पूर्णांक साध्या नंबर प्रकारात. सहावीने हा भेद काढून टाकला. लहानमोठे सर्व पूर्णांक जावास्क्रिप्टच्या अंगभूत बिगइंट प्रकारात येतात. बदल स्वागतार्ह आहे, पण बिगइंट हा फटकळ प्रकार आहे. त्याची साध्या नंबरशी बेरीज-गुणाकार करू पाहिला, की जावास्क्रिप्ट तिथल्या तिथे त्रुटी देते.

पहिली त्रुटी अशीच आली. टोकनाच्या दशांश स्थळांची संख्या पूर्वी १८ या साध्या आकड्याच्या रूपात येई, ती आता बिगइंट झाली आणि घात काढणाऱ्या ओळीवर कोड थांबला. दशांश स्थळांचा आकडा २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे तिथे नंबरमध्ये रूपांतर करणे निर्धोक होते आणि तसे केले गेले.

दुसरी त्रुटी रांगेच्या तोंडाशी आली. बिगनंबर जेसनमध्ये लिहिला की प्रकार आणि षोडशमान किंमत असलेली एक छोटी वस्तू तयार होई आणि पलीकडचा भाग तिच्यावरून मूळ आकडा उभा करी. बिगइंट जेसनमध्ये लिहिताच येत नाही. जेसन लिहिणारे स्ट्रिंगिफाय हे फंक्शन सरळ त्रुटी देते. ज्या सहकाऱ्याकडे हे काम होते, त्याने स्ट्रिंगिफायला रिप्लेसर जोडला: किंमत बिगइंट असेल तर तिचा नंबर करून द्यायचा. एक ओळ. आदल्याच दिवशी दशांश स्थळांसाठी हाच उपाय केला होता आणि तो बरोबर होता, त्यामुळे तपासणीत ही ओळ कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. तपासणी करणाऱ्यांत मी होतो.

जावास्क्रिप्टचा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचे, म्हणजे २ चा ५३ वा घात वजा १ पर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक धरतो. त्यापुढे तो जवळच्या, त्याला मांडता येईल अशा आकड्यावर जातो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. १२३४५६७८९०१२३४५६७८९ वेई (ईथर या इथेरियमच्या चलनाचे सर्वांत लहान एकक) ही रक्कम, म्हणजे सुमारे १.२३ ईथर, रांगेत शिरली की पलीकडे १२३४५६७८९०१२३४५६७६८ म्हणून बाहेर पडते. २१ वेई गहाळ. एका ईथरमध्ये १ वर १८ शून्ये एवढे वेई असतात, त्यामुळे हा फरक पैशांत मोजण्याच्या लायकीचाही नाही. चाचण्यांत तो का सापडला नाही, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

आमच्या चाचण्यांतील नमुने दोन तऱ्हांचे होते. बरेचसे यूएसडीसी आणि यूएसडीटी या टोकनांचे होते, ज्यांना ६ दशांश स्थळे असतात; तिथे नंबरची मर्यादा ओलांडायला सुमारे ९०० कोटी डॉलरचा एकच व्यवहार लागेल. १८ दशांश स्थळांच्या टोकनांना तीच मर्यादा ०.००९ ईथरच्या आसपास गाठते, म्हणजे चहापाण्याच्या रकमेलाच. आणि अशा टोकनांचेही नमुने आमच्याकडे होते. पण ते हाताने लिहिलेले होते, आणि माणूस हाताने रक्कम लिहितो तेव्हा १, २.५, १०० अशीच लिहितो. १ वर १८ शून्ये हा आकडा मर्यादेपलीकडचा असला, तरी त्याच्या अवयवांत २ चे इतके घात असतात की नंबर तो अचूक मांडू शकतो. १०० ईथरचेही तसेच. खऱ्या जगात रक्कम अडनिडी असते: व्याज, अदलाबदलीचा दर, कापलेले शुल्क. आमच्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या आणि सगळ्या रकमा गोल होत्या.

## समस्या उघड होण्याआधी झाकली गेली

नवा कोड चालू झाल्यावर आठवडाभरात ताळा तपासणाऱ्या कामाने इशारे द्यायला सुरुवात केली. हे काम प्रत्येक पत्त्यासाठी आरंभीची शिल्लक घेई, त्यात जमा मिळवी, खर्च वजा करी आणि येणारे उत्तर साखळीवरील शिलकीशी ताडून पाही. तुलना काटेकोर होती, एका वेईचाही फरक चालत नसे.

पहिला इशारा लिडोच्या एसटीईटीएच या टोकनावर आला आणि त्याने सगळ्यांची दिशाभूल केली. हे टोकन हिस्स्यांच्या हिशेबावर चालते. हस्तांतरात एक-दोन वेईचा फरक पडतो, ही त्याची जाहीर आणि सर्वज्ञात लकब आहे. चमूतील एकाला ती ठाऊक होती, त्याने ती सांगितली, आणि ते स्पष्टीकरण इतके चपखल वाटले की पुढच्या दोन दिवसांत इतर टोकनांवर आलेले इशारेही त्याच खात्यावर टाकले गेले. ताळ्याच्या तपासणीत १०० कोटी वेईपर्यंतचा फरक चालवून घेण्याची सूट घातली गेली. एक ईथरचा शंभर कोटीवा भाग; कोणाच्या बापाचे काय जाते, असा तो आकडा होता. इशारे थांबले.

मला हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू वाटतो, कारण खरे कारण ओळखायला लागणारी माहिती त्या क्षणी पडद्यावर होती. एसटीईटीएचचा फरक रक्कम कितीही असली तरी एक-दोन वेईच राहतो. नंबरमुळे पडणारा फरक रकमेबरोबर वाढतो: एक-दोन ईथरच्या एका व्यवहारात तो जास्तीत जास्त १२८ वेई, तर १०,००० टोकनांच्या व्यवहारात दहा लाख वेईच्या पुढे जाऊ शकतो. इशाऱ्यांच्या यादीत दोन आकडी, चार आकडी, सहा आकडी असे सर्व तऱ्हेचे फरक होते. रक्कम आणि फरक हे दोन रकाने शेजारी ठेवून कोणी पाहिले असते, तर पाच मिनिटांत शंका आली असती. आम्ही फरक किती छोटा आहे एवढेच पाहिले.

## निदान

सहा आठवड्यांनी एका ग्राहकाने विचारणा केली. त्याने विकत घेतलेले ईएनएसचे, म्हणजे इथेरियमच्या पत्त्यांना नावे देणाऱ्या सेवेचे, एक नाव आमच्या मालमत्तेच्या यादीत होते, पण त्यासमोर नावाऐवजी ‘अज्ञात’ असे दिसत होते.

येथे थोडा खुलासा हवा. ईआरसी-२० ची, म्हणजे रकमेने मोजली जाणारी, टोकने आणि ईआरसी-७२१ ची एकमेवाद्वितीय टोकने यांच्या ट्रान्सफर इव्हेंटची स्वाक्षरी तंतोतंत सारखी असते, म्हणून लॉगचा पहिला टॉपिकही (शोधासाठी डेटापासून वेगळा ठेवलेला खण) सारखाच येतो. फरक एवढाच की पहिल्यात तीन टॉपिक असतात आणि रक्कम डेटात असते, तर दुसऱ्यात टोकनाचा क्रमांक चौथ्या टॉपिकमध्ये असतो आणि डेटा रिकामा. आमचा कोड टॉपिक मोजून हे ओळखत असे आणि दोन्ही प्रकारांतील शेवटचा आकडा त्याच रांगेतून, त्याच रिप्लेसरमधून पुढे जाई. ईएनएसच्या डॉट-ईथ नावांत टोकनाचा क्रमांक म्हणजे त्या नावाचा केकॅक-२५६ हॅश, २५६ बिटांचा आकडा. रकमेतील २१ वेई सोडून देता येतात. क्रमांक मात्र एकतर तोच असतो किंवा दुसराच असतो.

ज्येष्ठ सहकाऱ्याने खातेवहीत साठवलेला क्रमांक षोडशमानात छापून पाहिला. एकूण ६४ अंकांपैकी पहिले १४ बरोबर होते आणि उरलेली ५० शून्ये होती. हॅशच्या शेवटी ५० शून्ये योगायोगाने येत नाहीत. नंबर हा प्रकार कोणत्याही आकड्याचे वरचे ५३ बिट ठेवतो, हे ज्याला माहीत आहे त्याला ती शून्यांची रांग पाहताच सगळे समजते. त्याने रिप्लेसरची ओळ उघडली आणि काही न बोलता आम्हाला बोलावले.

जाता जाता एक निरीक्षण. खातेवहीतील रकाना ७८ अंकी होता, कारण २५६ बिटांचा सर्वांत मोठा आकडा ७८ अंकी असतो, आणि असा रकाना ठेवणे योग्यच आहे. पण याच प्रशस्तपणामुळे चुकीचा क्रमांकही त्यात बिनबोभाट मावला. रकाना चुकून ६४ बिटांचा असता, तर पहिल्याच दिवशी डेटाबेसने आरडाओरडा केला असता.

## पुढे काय करायचे: तीन पर्याय

पहिला पर्याय पाचव्या आवृत्तीवर परतण्याचा होता. बाजूने दोन मुद्दे होते: तो कोड वर्षानुवर्षे बरोबर चालला होता, आणि त्यातील बिगनंबर सुरक्षित मर्यादेबाहेरच्या आकड्याचा नंबर करून मागितला तर त्रुटी देई. विरुद्ध मुद्दा असा की सहा आठवड्यांच्या नोंदी परत जाण्याने सुधारणार नव्हत्या, आणि रांगेत अडकलेले नव्या स्वरूपाचे संदेश जुन्या कोडला वाचताच आले नसते.

दुसरा पर्याय म्हणजे रिप्लेसर सुधारून पुढे जायचे आणि झालेले फरक ‘नगण्य’ म्हणून सोडून द्यायचे. रकमांच्या बाबतीत हे व्यवहार्य होते. क्रमांकांच्या बाबतीत नव्हते.

तिसरा: खातेवहीत लिहिणे थांबवायचे, दुरुस्ती करायची आणि साठवलेल्या कच्च्या लॉगवरून सहा आठवड्यांचा सगळा हिशेब पुन्हा काढायचा. हा पर्याय मुळात उपलब्ध होता तो एका जुन्या वादामुळे. अर्थ लावून झाल्यावर कच्चे लॉग ठेवायचे कशाला, डिस्कचा खर्च वाढतो, लागलेच तर नोडकडून पुन्हा मागता येतील, असे मत चमूत होते. त्याच ज्येष्ठ सहकाऱ्याने त्या वेळी हटून बसून ते ठेवायला लावले. लॉग पुन्हा मागता येतात हे खरे, पण नोडची सेवा देणारे एका विनंतीत किती ब्लॉक आणि किती लॉग द्यायचे याला मर्यादा घालतात, त्यामुळे सहा आठवड्यांचे लॉग परत मिळवणे हेच एक स्वतंत्र काम झाले असते.

तिसरा पर्याय घेतला गेला.

## कार्यवाही

लॉग गोळा करणारा भाग चालू ठेवून डिकोडर थांबवण्यात आला. संदेशाचे स्वरूप बदलले: प्रत्येक मोठा पूर्णांक दशमान अंकांच्या मजकुराच्या रूपात जाईल, संदेशात स्वरूपाचा आवृत्ती-क्रमांक असेल आणि रकमेच्या जागी नंबर आढळला तर खातेवही तो संदेश नाकारेल. शेवटची अट सर्वांत उपयोगी ठरली, कारण ती लिहिणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून नाही.

त्यानंतर एनपीएम या लायब्ररी बसवण्याच्या साधनात टोपणनाव देऊन ईथर्सच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी बसवल्या, प्रत्येक कच्चा लॉग दोघींकडून उलगडून घेतला आणि उत्तरे मजकूर म्हणून अंक न् अंक ताडून पाहिली. उलगडण्यात कुठेही फरक निघाला नाही. लायब्ररी निर्दोष होती. दोष आमच्या एका ओळीचा होता.

जुन्या नोंदींचे काय करायचे यावर बराच वेळ गेला. प्रोग्रामरांचा कल थेट नोंदी बदलण्याकडे होता. हिशेबाची शिस्त असे सांगते की बंद झालेल्या महिन्याची पाने खोडायची नसतात. अखेर चालू महिन्याच्या नोंदी बदलल्या आणि ग्राहकांकडे गेलेल्या महिन्यासाठी दुरुस्तीच्या वेगळ्या नोंदी घातल्या. त्या नोंदींतील रकमा २१ वेई, ९६ वेई अशा होत्या आणि पाहणाऱ्याला त्या हास्यास्पद वाटाव्यात अशाच होत्या.

ताळ्यातील सरसकट सूट काढून टाकली. फक्त एसटीईटीएचसाठी, प्रत्येक हस्तांतरामागे दोन वेईची मुभा कारणासह नोंदवून ठेवली. चाचण्यांत मर्यादेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे घातले. २ चा ५३ वा घात अधिक १ हा त्यांतील सर्वांत बोलका, कारण नंबर त्यातला शेवटचा एक गिळतो. शिवाय २ चा २५६ वा घात वजा १, आणि दर वेळी यादृच्छिक निवडलेल्या अडनिड्या रकमा, ज्या एन्कोड करून, रांगेतून पाठवून, डिकोड करून मूळ आकड्याशी ताडल्या जातात. पूर्वीच्या चाचण्या डिकोडरच्या दाराशी संपत. या खातेवहीच्या रकान्यापर्यंत जातात.

## परिणाम

ताळा पुन्हा शेवटच्या वेईपर्यंत जुळला आणि ग्राहकाचे ईएनएस नाव यादीत आपल्या नावासह दिसू लागले. दोन्ही आवृत्त्यांच्या तुलनेत एक जुनी गोष्टही वर आली: एमकेआरसारख्या टोकनांच्या चिन्हांच्या रिकाम्या जागा. आता मजकूर म्हणून वाचताना त्रुटी आली, की ३२ बाइटांचा ठरावीक खण म्हणून वाचून पाहिले जाते, आणि तेही फसले तर नोंद माणसाकडे जाते.

दुरुस्तीने नवे नुकसानही केले. ग्राहकांचे प्रोग्राम ज्यातून माहिती घेतात तो आमचा एपीआय रकमा मजकुराच्या रूपात देऊ लागला, आणि एका ग्राहकाचा प्रोग्राम त्यांना आकडे समजून त्यांची बेरीज करत होता. जावास्क्रिप्टमध्ये दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक चिकटवणे. त्याच्या अहवालात त्या दिवशी काय दिसले असेल, याची कल्पना करता येते. बदलाची पूर्वसूचना आम्ही दिली नव्हती. घाई होती, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही.

## वेगळे काय करता आले असते

तपासणीत मी विचारायला हवा होता तो प्रश्न असा: या जागी पूर्वी त्रुटी येत होती का, आणि बदलानंतर ती येईल का? पाचव्या आवृत्तीत आकडा मावला नाही तर बिगनंबर तक्रार करी. सहाव्या आवृत्तीतही टू-नंबर नावाचे साहाय्यक फंक्शन आहे, जे मर्यादेबाहेरचा आकडा नाकारते. रिप्लेसरमध्ये जावास्क्रिप्टच्या उघड्या नंबरऐवजी ते वापरले असते, तर ती ओळ चुकीचीच राहिली असती, पण पहिल्याच अडनिड्या रकमेवर कोड अडखळला असता आणि सहा आठवडे वाचले असते.

दोन आवृत्त्या शेजारी चालवून पाहण्याचे काम आम्ही नंतर केले. ते आधी करायचे होते. तसे सुचवलेही गेले होते. चाचण्या हिरव्या आहेत आणि रांग दुप्पट करण्यात वेळ जाईल, म्हणून ते मागे पडले. प्रत्यक्षात लागला तेवढा वेळ, दीड दिवस, तेव्हाही लागला असता. मात्र येथे एक मेख आहे: नंतरची पहिली तुलना आम्ही डिकोडरच्या दाराशीच केली आणि तिला काहीच फरक सापडला नाही. आधी अशीच तुलना केली असती, तर ‘सगळे जुळते’ असा निर्वाळा मिळून आम्ही अधिकच निश्चिंत झालो असतो. तुलना खातेवहीच्या रकान्यावर करायची होती.

परत फिरायला हवे होते की नाही, यावर चमूत अजून दोन मते आहेत. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ग्राहकांना चार दिवस खातेवही मिळाली नाही, ते परतल्याने टळले असते. रांगेतील संदेश टाकून देऊन कच्च्या लॉगवरून पुन्हा बनवता आले असते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझे मत तिसऱ्या पर्यायाच्याच बाजूचे आहे, पण त्यामागे आम्ही तेव्हा दिलेल्या कारणांपेक्षा, एकदा परतल्यावर चमू पुन्हा दोन वर्षे हलला नसता, ही भीती अधिक आहे.

ग्राहकांना कळवायला आम्ही आठवडाभर उशीर केला. २१ वेईसाठी पत्र लिहायचे का, यावर चर्चा रंगली. शेवटी पत्र गेले, तेव्हा एका हिशेबनीसाने कळवले की रक्कम किती याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याचा लेखापरीक्षक फरकाचे कारण विचारतो, आणि कारण लेखी हातात असले की प्रश्न तिथेच संपतो. त्याच पत्रव्यवहारात असेही कळले की तो आमची फाइल एक्सेलमध्ये उघडतो आणि बेरीज तिथेच करतो. एक्सेल १५ सार्थ अंकांपलीकडचे अंक ठेवत नाही. आम्ही आता रकमांचा रकाना मजकूर म्हणून पाठवतो, आणि बेरीज जुळावी म्हणून तो हिशेबनीस फाइल उघडल्याबरोबर त्या रकान्याचे आकड्यांत रूपांतर करून घेतो.